सुनंदाताईंचं ‘गिव्ह अप’

पुण्याला निघाले त्या सकाळी हिंगोलीच्या बसस्थानकात बाबांनी माझी बॅग सीटखाली बसवली आणि खाली उतरून खिडकीशी उभे राहिले. त्यांचं बोलणं कमीच. आई मात्र गाडी हलेपर्यंत बोलत होती. शेवटी म्हणाली, “नाही जमलं तर परत ये. लाज धरू नको.”

तेव्हा डोळे भरून आले. पण पुण्याच्या खराडीत आल्यावर तेच वाक्य मला त्रास द्यायला लागलं. परतीची वाट मोकळी आहे हे माहीत असलं की माणूस सारखा मागे वळून बघतो.

काम होतं इंग्लंडमधल्या ग्राहकांचे फोन घेण्याचं. त्यांचं इंटरनेट बंद पडलं की इथून समजावून सुरू करून द्यायचं. सहा आठवडे ट्रेनिंग, मग परीक्षेचा एक खरा कॉल, आणि त्यात पास झालं तर नोकरी. मी बी.एस्सी. झालेली, पेपरातलं इंग्रजी मला येत होतं. बोलण्यातलं निराळंच निघालं. पुट ऑफ, पुट अप, पुट थ्रू... एका ‘पुट’चा अर्थ लागेपर्यंत समोरचा माणूस चार वाक्यं पुढे गेलेला असे.

आमची बॅच बाविशी-तेविशीची. त्यात एकट्या सुनंदाताई त्रेचाळीस वर्षांच्या. शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या धायरीच्या, त्याही धायरी गाव होतं तेव्हापासूनच्या. लेकीच्या बरोबरीने अभ्यास करून बी.ए. झालेल्या. रोज दोन बस बदलून यायच्या. “घरी पोरीला वाटतं, आईला काय बी येत न्हाई,” म्हणायच्या. त्यांचे उच्चार ऐकून मुलं मागच्या बाकांवर हसत. एकदा मीही हसले होते, हे इथे कबूल करते.

एके दिवशी ट्रेनर मॅडमनी फळ्यावर ‘गिव्ह अप’ लिहिलं आणि समानार्थी शब्द विचारले. क्विट, स्टॉप, सरेंडर. मुलांनी पटापट सांगितले. “आता रोजच्या वापरातलं वाक्य?” मुलं वह्या चाळू लागली. ताई उभ्या राहिल्या.

“माय फादर-इन-लॉ गेव्ह अप टोबॅको. माय मदर-इन-लॉ डिड नॉट.”

वर्ग हसला, पण हे हसणं वेगळं होतं. मॅडमनी आणखी एक मागितलं.

“टुडे इन बस, वन लेडी गेव्ह अप हर सीट फॉर मी. आय सॅट. बट आय डिड नॉट लाइक इट.”

चहाच्या सुट्टीत त्या मला म्हणाल्या, “आगं, आपलं ‘सोडणं’च की ते. तंबाखू सोडली, जागा सोडली, आशा सोडली. पाठ कशाला करतीस? कोण काय सोडतंय ते बघत जा, आपोआप ध्यानात राहतं.” बसमध्ये, दुकानात, घरी जे कानावर पडेल ते त्या मनातल्या मनात इंग्रजीत करून बघायच्या. मी वहीत शब्दांच्या याद्या करत होते, आणि ही बाई त्याच शब्दांत राहत होती.

पाचव्या आठवड्यात सरावाच्या कॉलवर माझी वाचाच बसली. पलीकडून ग्राहक बनून मॅडमच बोलत होत्या, तरी तोंडातून शब्द फुटेना. त्या संध्याकाळी बाबांना फोन केला, “मी परत येते.” ते फक्त “बरं” म्हणाले. आठवडा कसाबसा ढकलला आणि परीक्षेच्या दिवशी ताईंना सांगितलं, मी कॉल न देताच निघतेय.

“जा की,” त्या म्हणाल्या. “पण माझा कॉल ऐकून जा. फजिती झाली तर ओळखीचं कुणीतरी असावं.”

मी दुसरा हेडफोन लावून शेजारी बसले. फोनवर एक म्हातारे गृहस्थ होते. बायको वारली होती. घरातलं हे सगळं तीच बघायची, असं सांगता सांगता ते अडखळले. “आय गिव्ह अप, डिअर. जस्ट कॅन्सल इट.”

कॉल बारा मिनिटांत संपवायचा नियम होता. ‘येस सर’ म्हणून कनेक्शन बंद केलं असतं तर ताई तिथेच पास होत्या. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “सर, प्लीज डू नॉट गिव्ह अप. आय ॲम ऑल्सो स्लो. वी विल गो स्लो टुगेदर.”

एकेक वायर, राउटरचा एकेक दिवा. ते चष्मा शोधायला गेले तेव्हा ताई थांबल्या. ते बायकोबद्दल बोलायला लागले तेव्हाही थांबल्या. पाऊण तासाने पलीकडून आवाज आला, “इट्स ग्रीन! ऑल ग्रीन!” आणि ते हसत की रडत होते, कळेना.

निकालाच्या कागदावर बाकी सगळं चांगलं होतं. वेळेत मात्र नापास, म्हणून एकूणही नापास. मॅडमनाच वाईट वाटत होतं. ताईंनी कागद वाचला, घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि विचारलं, “पुढची तारीख कधी हाय?”

मला माझी लाज वाटली. त्याच दुपारी मी कॉल दिला, घाबरत, चुकत, आणि जेमतेम पास झाले. ताई दहा दिवसांनी पुन्हा बसल्या आणि साडेअकरा मिनिटांत पास झाल्या. आज वयस्क ग्राहकांचे कॉल घेणारी टीम त्या सांभाळतात. त्या टीमला वेळेची अट नाही. ती त्यांनीच भांडून काढायला लावली.

माझी विश्रांतवाडीत भाड्याची खोली आहे. बहुतेक रविवारी धायरीला जाते. ताईंच्या ओट्याशी उभी राहून भाकरी खाते. त्यांच्या सासूबाई मला नावाने नाही, “हिंगोली, ताक घे” अशी हाक मारतात.

गेल्या दिवाळीत गावी असताना आईला सहज म्हणाले, “परवा घरी जायचंय, कपडे वाळले का बघ.” बोलून गेल्यावर माझं मलाच कळलं, मी घर कशाला म्हणाले ते. आईच्याही लक्षात आलं. हातातली करंजी तिने नीट मुरडून ताटात ठेवली. मग तिने मोठा डबा काढला, काठोकाठ भरला आणि झाकण दाबून बसवत म्हणाली, “हा तुझ्या धायरीच्या माणसांना. मी कधी येऊ ते विचार त्यांना.”