कंसातलं घाटघर

लोणीच्या स्नेहलने पुण्यात एमसीए केलं, दोन वर्षं तिथेच एका कंपनीत काढली आणि २००४ साली मंचरच्या एका शिक्षणसंस्थेत नोकरी धरली. संस्थेच्या एकवीस शाळा, साडेसातशे माणसं. कोण कुठल्या शाळेवर आहे हे कॉम्प्युटरवरच्या एका डिरेक्टरीत भरलेलं होतं, आणि त्यात नाव शोधायचं पान स्नेहलने लिहिलं होतं. टेलिफोनवर बसणाऱ्या अंजनाबाई त्या पानावर खूश होत्या. वर्षभर कुणाची तक्रार आली नाही.

पुढच्या भाद्रपदात एका सकाळी पन्नाशीचा एक शिपाई हातात टोपी घेऊन तिच्या टेबलापाशी उभा राहिला.

"ताई, माझं नाव कामावरनं काढलंय का?"

"कोण म्हणतं?"

"हापिसच म्हणतंय. मी दादाभाऊ रावते, घाटघरचा. पंधरा दिस झालं, कळंबच्या शाळंव आलोय."

परवा त्याच्या बायकोला, कोंडाबाईला, भातखाचरात साप चावला होता. पुतण्या जानकूने तिला जीपमधून जुन्नरच्या दवाखान्यात नेलं. नव्या शाळेचा नंबर घरात कुणाला ठाऊक नव्हता, म्हणून त्याने संस्थेला फोन लावला. अंजनाबाईंनी नाव टाकलं, तर पानावर आलं, 'नाव सापडलं नाही'. दुपारी पुन्हा फोन आला, पुन्हा तेच. "असा माणूस आमच्याकडे नाही," असं त्यांनी सांगून टाकलं. दादाभाऊला बातमी लागली ती संध्याकाळी, गावाकडच्या एका ओळखीच्या माणसाकडून.

स्नेहलने अंजनाबाईंना विचारून, त्यांनी टाकलं होतं तसंच नाव त्याच्यासमोर टाकून पाहिलं. नाही म्हणे. डिरेक्टरीच्या मूळ यादीत मात्र तो होता. संस्थेत दादाभाऊ रावते दोघे, म्हणून कारकुनाने याच्या नावापुढे कंसात 'घाटघर' लिहिलं होतं, आणि सारख्या नावांपुढे गाव असं लिहायची रीत ठाऊक असल्याने अंजनाबाईंनीही तसंच टाकलं होतं.

तिने पानाचा कोड उघडला. डिरेक्टरीला विचारायचं ते फिल्टर, म्हणजे शोधाच्या अटी, लिहून, आणि अशी प्रत्येक अट कंसात असते. नावातला कंस अटीचाच धरला गेला, फिल्टर मोडला, डिरेक्टरीशी बोलणाऱ्या तयार कोडने, म्हणजे लायब्ररीने, पानाला तसं कळवलंही. पण पान नीटनेटकं दिसावं म्हणून स्नेहलनेच कुठल्याही चुकीला एकच उत्तर लावून ठेवलं होतं: नाव सापडलं नाही. अशी चिन्हं सांभाळून फिल्टर बांधून द्यायची सोय त्याच लायब्ररीत होती. तिने ती वाचली नव्हती, तुकडे हातानेच जोडले होते.

"मामा, चूक माझी आहे," ती म्हणाली. "तुमचं नाव आहे. मी लिहिलेलं पान ते शोधू शकलं नाही."

दादाभाऊ पडद्याकडे वाकला. "म्हंजी मी कामाव हाय?"

"आहात."

"मंग बरं झालं," म्हणून त्याने टोपी डोक्यावर ठेवली. रागावला असता तर तिला सोपं गेलं असतं.

त्याच दिवशी तिने सचिवांना सगळं लेखी दिलं आणि लायब्ररीची सोय वापरून पान पुन्हा लिहिलं. मग साडेसातशेच्या साडेसातशे नावं एकेक करून तपासली. आधीच्या पानावर आणखी अकरा माणसं अशीच हरवलेली होती. नावाच्या जागी नुसती चांदणी (*), म्हणजे 'कुठलंही नाव', टाकली तर जुनं पान सगळ्यांचे घरचे फोन नंबर दाखवत होतं, हेही तेव्हाच कळलं.

दुसऱ्या दिवशी ती जुन्नरला गेली. कोंडाबाई खाटेवर उठून बसली होती, पाय सुजलेला, पण जिवावरचं टळलं होतं. स्नेहलने झालेलं सांगितलं. त्यातलं कॉम्प्युटरचं काही तिला समजलं नाही.

"मला वाटलं, ह्यांना निरोप पोचला अन् तरी आलं न्हाईत," कोंडाबाई म्हणाली. "दिसभर त्याचाच राग धरून व्हते. आल्याव लई बोलले त्यांना."

स्नेहलने खाटेजवळ स्टूल ओढलं. ती दवाखान्यात संध्याकाळच्या एसटीपर्यंत बसून राहिली. कोंडाबाईने तिला लोणीच्या पाण्यापावसाचं विचारलं, कांद्याचं विचारलं, आणि निघताना घाटघरला यायचं बोलावणं दिलं. दिवाळीत स्नेहल खरंच जाऊन आली.