चहात बुडवलेली पत्रिका

कागद जुना करणं अवघड नाही. तो जुना दिसला पाहिजे, पण जुना केलेला दिसता कामा नये, यात सगळी गोम आहे. हे मी उंद्रीच्या शाळेत शिकलो. महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा दोनतीन वर्षं झाली होती आणि मला मास्तर होऊन जेमतेम एक. गॅदरिंगला ऐतिहासिक नाटक होतं, त्यात दरबारात खलिता वाचायचा प्रसंग. पोरांनी तालमीला वहीचं पान आणलं, समासाच्या तांबड्या रेघेसकट. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, खलिता मीच करून आणतो.

पहिला डाव फसला. आमच्याकडे पाणी, पत्ती आणि साखर एकदमच चुलीवर चढतात. कोरा, अगोड चहा करायचं कोणाच्या स्वप्नातही येत नाही. कागद वाळला तो बोटांना चिकटायला लागला आणि दुपारपर्यंत त्यावर मुंग्यांची रांग लागली. दुसऱ्यांदा नुसती पत्ती उकळली, गाळून परातीत ओतली, कागद त्यात बुडवून सावलीत वाळवला. मग तांब्यात निखारे घालून त्याच्या बुडानं दाबला, कडा उदबत्तीनं जराजरा जाळल्या आणि शाईतही चार थेंब चहा टाकला, म्हणजे अक्षर फिकं उमटतं. नाटकाच्या दिवशी गावातल्या एका वयस्कर माणसानं खलिता हातात घेऊन विचारलं, "मास्तर, हे कोणाच्या घरून आणलं?" त्यानंतर दोन महिने मी फुगून हिंडत होतो. अति शहाणा त्याचा बैल रिकामा ही म्हण मी पोरांकडून घोकून घेत असे. ती स्वतःला लावून पाहायची सवय नव्हती.

घरी माय आणि माझ्या पाठची एकच बहीण. वडील जाऊन दोन वर्षं झाली होती. आमच्या भागातल्या शेतकऱ्यांच्या घरांत पत्रिकेचं फारसं प्रस्थ नाही, नावावरून गुण जुळले की झालं. वडिलांना मात्र हौस. त्यांनी आम्हा दोघांच्याही पत्रिका जन्मल्याबरोबर गावच्या जोशीबुवांकडून लिहून घेतल्या, आणि बहिणीच्या पत्रिकेत निघाला चौथ्या घरात मंगळ. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. वडिलांनी पत्रिका केल्याचं दहा जणांना सांगितलेलं, त्यामुळे ती नाहीच असं म्हणायचीही सोय नव्हती. तीन स्थळं आली, पत्रिका पाहून तिन्ही परत गेली. बहीण एकोणीस वर्षांची झाली होती. पाहुणे येणार म्हटलं की तिच्या हातून हमखास काहीतरी सांडायचं.

चौथं स्थळ जळगाव जामोदचं होतं. चांगली शेती, मुलगा मॅट्रिक पास, स्वभावानं शांत असल्याचं मध्यस्थ सांगत होता. मुलाच्या वडिलांचा निरोप आला, की पत्रिका पाठवा, पण जन्माच्या वेळची असेल तीच पाठवा. नवी पत्रिका कोणीही पाहिजे तशी करून आणतो, असं त्यांचं म्हणणं होतं. ते बरोबरच होतं.

मायनं निरोप ऐकला आणि माझ्याकडे पाहिलं. "तुह्या हातात कला हाये ना?" ती म्हणाली. "मंग ते नाटकातच दाखवतं काय?"

मी आढेवेढे घेतले असं लिहायला मला आवडलं असतं. मी घेतले नाहीत. उलट मला चेव आला. चिखलीला एका जाणत्या माणसाकडून, भलत्याच कोणाचं तरी नाव पुढे करून, मी विचारून आलो. जन्मवेळ दोन तास पुढे घेतली की मंगळ चौथ्या घरातून तिसऱ्यात जातो, आणि तिसऱ्यातल्या मंगळाचा कोणाला उपद्रव नाही, असं कळलं. जोशीबुवा केव्हाच वारले होते. त्यांचं वळणदार अक्षर मी चार दिवस गिरवलं.

रविवारी सकाळी बसलो. चहा बहिणीनंच उकळला. परातीत ओतता ओतता ती थांबली आणि म्हणाली, "भाऊ, हे बरोबर हाये काय? त्या लोकायले फसवून राह्यलो आपन."

"मंगळ-बिंगळ काही नसते," मी खेकसलो. "आकाशातला गोळा हाये तो. तू मुकाट्यानं ओत."

तिनं ओतला. कागद इतका सुरेख उतरला, की घड्या पाडल्यावर आणि कोपऱ्याला हळद लावल्यावर खरी पत्रिकाच त्याच्यापुढे नवी वाटायला लागली. खरी मायनं चुलीत घातली. महिनाभरात लग्न ठरलं.

जावई खरोखरच शांत निघाला. बहीण माहेरी आली की तिच्या बोलण्यात दर दोन वाक्यांनी "ते म्हणतात" यायचं आणि मी तिला त्यावरून चिडवायचो. एकदा म्हटलं, "तुह्यं स्वतःचं काही म्हणनं उरलं की नाही?" ती लाजली, पण खुशीत होती. चार वर्षं अशी गेली. मूलबाळ नव्हतं, पण त्याची कोणी घाई केली नाही. पाचव्या वर्षी जावयाला कावीळ झाली. झाडपाला झाला, मग दवाखाना झाला, आणि तीन आठवड्यांत तो गेला.

आम्ही एसटीनं पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. बहीण भिंतीला टेकून बसली होती. तिची सासू माझ्या मायच्या गळ्यात पडून रडली आणि म्हणाली, "पोरीचा काही दोष नाही हो. पत्रिका तं किती चांगली होती." त्या बाईनं एका शब्दानं बोल लावला नाही. लावला असता तर फार बरं झालं असतं. मी बहिणीकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत होती, आणि तिला काय वाटत होतं ते मला त्या क्षणी कळलं.

ती आमच्याकडे परत आली. एक वेळ जेवायची. चुलतबहिणीच्या हळदीला तिला कोणी बाहेर बस म्हटलं नव्हतं, तरी आपणहून ओसरीच्या खाली जाऊन बसली. मी तिला किती समजावलं. कावीळ पाण्यातून होते, ग्रहातून नाही, हे वर्गात सांगावं तसं पुन्हा पुन्हा सांगितलं. एक दिवस गहू निवडता निवडता तिनं सूप खाली ठेवलं.

"भाऊ, मंगळ खोटा होता, तं तू तो लपवला काऊन?"

मी टोपी उचलली आणि शाळेत निघून गेलो.

ती दिवसेंदिवस वाळत चालली. मला दुसरं काही येत नव्हतं, जे येत होतं ते मी पुन्हा केलं. दुपारी शाळेतच, खोलीचं दार लावून, स्टोव्हवर पत्ती उकळली. या वेळी पत्रिकेच्या डोक्यावर जोशीबुवांच्या अक्षरात दोन ओळी घातल्या: आधी लिहून दिलेल्या पत्रिकेत जन्मवेळ चुकली होती, ती दुरुस्त करून ही दिली आहे. मंगळ तिसऱ्या घरात. म्हणजे आपण जे खोटं म्हणून केलं तेच मुळात खरं होतं, तुझ्या कपाळी मंगळ कधी नव्हताच, असं तिला वाटावं. माझ्या हातून झालेलं ते सगळ्यांत चांगलं काम. कागद वडिलांच्या ट्रंकेत सापडला म्हणून तिच्या हातात दिला.

तिनं तो उजेडात नेऊन वाचला. वाचायला मीच शिकवलं होतं तिला. तिनं दोनदा वाचला, बोटानं मंगळाचं घर शोधलं. तिचा चेहरा सैल पडला तसा माझ्या छातीवरचा दगड उतरला.

"खरंच नव्हता म्हना," ती म्हणाली.

"नव्हताच. मी काय सांगून राह्यलो इतके दिवस?"

तिनं कागदाची घडी घालून तो मांडीवर ठेवला. मग अगदी शांतपणे, मला समजावून सांगावं तशी बोलली. "मंग ते मंगळानं नाही गेले. देवानं तं चांगलंच देलं होतं. आपन त्याच्यावर भरवसा न ठेवता खोटा कागद धाडला, ते पाप त्याहिले भोवलं."

हाही कागद मीच केलाय म्हणावं, तर मंगळ पुन्हा तिच्या चौथ्या घरात येऊन बसणार. न म्हणावं, तर पाप तिच्या पदरात. मी गप्प बसलो. तिनं कागद नवऱ्याच्या फोटोमागे ठेवला.

त्यानंतर ती अकरा वर्षं जगली. रोज सकाळी ती त्या फोटोपुढे हात जोडून पुटपुटायची, आणि काय ते मला शेजारच्या खोलीत ऐकू यायचं. ती माफी मागायची. माझ्या वाटचीही तीच मागायची.