गुरुवारची बाटली

आमच्या तोंडवलीत जानकीकाकीच्या तोंडाला लागायची कोणाची छाती नव्हती. नवरा समुद्रात बुडाला तसा डोक्यावर पाटी घेऊन तिने आचऱ्यापर्यंत मासे विकले, मुलाला, बाबलीला, एकटीने वाढवलं आणि १९५६ साली त्याच्यासाठी सुगंधाला सून करून आणली. मी शेजारघरची सून. काकी सगळ्या गावाशी भांडायची, सुगंधाशी मात्र कधी नाही. तिला ती चेडूच म्हणायची, म्हणजे लेक. सरंग्याचा मधला तुकडा सुनेच्याच ताटात जायचा. आम्ही बाकीच्या सुना जळायचो, खोटं कशाला सांगू?

पुढच्या वर्षी सुगंधाला दिवस गेले. आमच्याकडे पाचवा महिना लागेपर्यंत ही गोष्ट उंबरठ्याबाहेर जात नाही, दृष्ट लागते. पण आचऱ्याला शाळेच्या पडवीत दर गुरुवारी सरकारी नर्सबाई यायची. तिसऱ्याच महिन्यात तपासून घ्या, असं ती घरोघर सांगून गेली होती. सुगंधाने हट्ट धरला. काकी कुरकुरत घेऊन गेली, सोबतीला मी.

बाईने सुगंधाचं वजन केलं, पापण्या खाली ओढून डोळे पाहिले, बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब कागदावर टिपला आणि त्याचा रंग ताडून पाहिला. रक्तदाब मोजायचं यंत्र तिच्याकडे नव्हतं. मग तिने एक रिकामी बाटली हातात दिली. "दर महिन्याला सकाळची पहिली लघवी पाठवायची. तापवल्यावर ती पांढरी झाली, तर धोका आहे असं समजायचं. मग मालवणला मोठ्या डॉक्टरांकडे जावं लागेल. यात दुखत काही नाही, घाबरू नका."

काकी घाबरली ती दुखण्याला नव्हे. कापलेलं नख, विंचरलेला केससुद्धा आम्ही परक्याच्या हाती लागू देत नाही, कोणी करणी करील म्हणून. वाटेत ती मला म्हणाली, "रगत घेतल्यान तां घेतल्यान. आता ह्यां कित्याक व्हया गो तिका?"

पुढे दर महिन्याला एका गुरुवारी काकीच्या पाटीतूनच बाटली जायची. बाई तापवून बघायची आणि वहीत "स्वच्छ" असं लिहायची. सातव्या महिन्यात सुगंधाचे पाय सुजले, मग चेहराही. मी म्हटलं, बाईला दाखवून येऊ. तर सुगंधाच हसली. "बाय स्वच्छ सांगता मगे, तू भियातंस कित्याक?"

आठवा लागल्यावर एका सकाळी ती विहिरीपाशी झटके येऊन पडली. होडीने मालवणला नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं. मूलही पोटातच गेलं.

बाराव्यानंतर नर्सबाई घरी आली. "लघवी तर शेवटपर्यंत स्वच्छ होती हो," असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. काकी भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, "तां माझां होतां."

मी विचारलं, मग सुगंधाचं कुठे गेलं?

"सुगंधाचां दर खेपेक मी माडाच्या मुळात ओतलंय. कोणी करणी केल्यान असती, तर माका लागांदे. माझ्या चेडवाक नको."

मला तिचा भयंकर राग आला. तो अजून पुरता गेलेला नाही. बाबलीने आईशी बोलणं टाकलं आणि तो वेंगुर्ल्याला दुसऱ्याच्या होडीवर निघून गेला. काकीचं भांडणही संपलं. मासे विकताना घासाघीस करणाऱ्याला ती गुपचूप एक बांगडा जास्तीचा टाकायची.

१९६१ साली मला तिसरा महिना लागला. मी कोणालाच बोलले नव्हते, पण काकीने चालीवरूनच ओळखलं असावं. गुरुवारी उजाडायच्या आत ती दारात हजर. न्हाणीच्या तोंडाशीच उभी राहिली. "माझ्यासमोर भर." मी लाजले, चिडले, आणि भरली. ती बाटली तिने पाटीत ठेवली नाही. आचऱ्यापर्यंत दोन्ही हातांत धरून नेली.

बाईने तापवून पाहिलं आणि ती म्हणाली, "स्वच्छ आहे." मला हायसं वाटलं. काकी हलेना.

"बाय, माका एकदाच दाखव. सुगंधाचां कसां दिसलां असतां?"

बाईने कोणीतरी दिलेलं कच्चं अंडं पिशवीतून काढून फोडलं, थोडं पांढरं पाण्यात ढवळून काचेच्या नळीत घेतलं आणि दिव्यावर धरलं. बघता बघता ते नासलेल्या दुधासारखं फुटून पांढरंफेक झालं.

काकीने नळी हातात घेतली, निवेपर्यंत बघत राहिली.

"ह्यां तर माका पण कळलां असतां," ती म्हणाली.