सहा ओळींची नोंद

माझ्या इकाम्यावर, म्हणजे सौदीतल्या रहिवासी परवान्यावर, माझ्याबद्दल जे लिहिलं आहे ते एका ओळीत मावतं: नवऱ्यावर अवलंबून, काम करण्याची परवानगी नाही. नाशिकला अकरा वर्षं कॉलेजात मायक्रोबायॉलॉजी शिकवलेल्या बाईला इकामा हातात घेतला की दर वेळी हेच वाचायला लागतं. पहिल्यांदा मी जाम चिडले होते. नंतर सवय झाली, आणि सवय झाली याचाच मला जास्त राग आहे.

रास तनुराच्या आमच्या तेल कंपनीच्या कॅम्पात दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं. मुलगी पुण्याला शिकायला गेल्यावर घरातही नसे. तेव्हा कॅनडात स्थायिक झालेल्या एका मैत्रिणीने मला काम दिलं. नोकरी नव्हे, तिला मदत. ती तिकडच्या नामवंत लोकांच्या चरित्रकोशाचं संपादन करते. चित्रकार, शास्त्रज्ञ, न्यायाधीश, खेड्यापाड्यांत दवाखाने उभारणाऱ्या परिचारिका, असे सगळे त्यात. यांतले जे हयात आहेत त्यांना दर ऑक्टोबरात त्यांची नोंद ईमेलने पाठवायची आणि विचारायचं, यातलं सगळं खरं आहे ना? त्यांनी खोडलं ते खोडायचं, नवीन घातलं ते तपासून घ्यायचं. नोंद सहा ओळींपेक्षा लहान झाली तर ती कोशातून जाते, एवढा एकच कडक नियम.

माणसं कितीही मोठी असोत, स्वभाव आपल्यासारखेच. एक निवृत्त न्यायाधीश एका स्वल्पविरामासाठी तीन-तीन ईमेल धाडायचे. एका व्हायोलिनवादकाला लहानपणी जत्रेत मिळालेलं बक्षीसही नोंदीत हवं होतं. सगळ्यांना ओळी वाढवून हव्या असायच्या. एक बाई सोडून.

ती सागरी जीवशास्त्रज्ञ होती. थंड समुद्रातल्या शेवाळांच्या अभ्यासात तिने आयुष्य घालवलं, त्यांची सुंदर चित्रं काढली, मासेमारीच्या सरकारी आयोगावर बसून भल्याभल्यांशी भांडली. नोंद चौदा ओळींची होती. पहिल्या वर्षी तिने एक पदक खोडलं. मला वाटलं, विनय असेल. दुसऱ्या वर्षी आयोग गेला. तिसऱ्या वर्षी नोंदीतून डॉक्टरेट गेली आणि नवराही गेला. मला राहवलं नाही. मी विचारलं, हे चुकीचं छापलंय का?

तिचं उत्तर आलं, "चुकीचं नसेल. पण तुम्ही विचारता, हे खरं आहे का. मला ते आठवत नाही. जे आठवत नाही त्याखाली मी सही कशी करू?"

दुपारचे दोन वाजले होते. मी उठले आणि घरातले सगळे दिवे लावले. का ते मला आजही सांगता येणार नाही.

त्यानंतर आमची पत्रं सुरू झाली. तिने विचारलं, तुम्ही काय करता? कित्येक वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. नवरा काय करतो, हे विचारतात. मग मी लिहीत सुटले. नदीकाठचं कॉलेज, प्रयोगशाळा, मुलांनी उघड्या ठेवलेल्या काचेच्या बशा आणि त्यावरून मी केलेली आरडाओरड, राजीनामा दिला तो दिवस. आता रोज चार वाजता समुद्रावर चालते, डावीकडे रिफायनरीची ज्वाला दिसते, तेही लिहिलं.

चौथ्या वर्षी नोंद परत आली ती मोजून सहा ओळींची. वर तिचं नाव होतं. खाली लिहिलं होतं की तिने नदीकाठच्या एका कॉलेजात अकरा वर्षं सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं, नवऱ्याच्या नोकरीसाठी ते सोडलं, आणि आता ती रोज चार वाजता समुद्रावर चालायला जाते, जिथे डावीकडे एक ज्वाला दिसते. शेवाळं नव्हती, आयोग नव्हता. ती स्वतः कुठेच नव्हती.

संध्याकाळी नवरा कामावरून आल्यावर मी त्याला दाखवलं.

"अगं, म्हातारी आहे. तुझी पत्रं वाचते, तेच डोक्यात राहतं," तो बुटांच्या नाड्या सोडत म्हणाला. "खोडून टाक. खलास."

"खोडलं तर ती कोशातून जाईल."

"मग राहू दे."

"अरे, पण हे माझं आहे."

त्याने दुसराही बूट काढला आणि दोन्ही दाराशी नेऊन ठेवले.

खरं सांगते, मला त्या ओळी ठेवायच्या होत्या. नवीन मजकूर तपासून घ्यायचा, असा नियम. तपासायला मला कुठे जायचं होतं? अक्षर न् अक्षर खरं होतं. इकाम्यावर एक ओळ मिळालेली मी, इथे चांगल्या सहा ओळींत, न्यायाधीश आणि व्हायोलिनवाल्यांच्या पंगतीत बसले होते. फक्त वर नाव दुसरीचं होतं. दोन दिवस मी ते उघडत-मिटत राहिले. तिसऱ्या दिवशी माझ्या ओळी खोडल्या, तिच्या मूळ चौदा ओळी परत घातल्या आणि 'व्यक्तीला मान्य' या चौकोनात खूण केली. ही उघड लबाडी होती. पण तिचं आयुष्य माझ्या हातून पुसलं जाणं मला सहन होईना.

छपाईआधी नोंद तिच्याकडे पुन्हा गेली. आठवड्याने ईमेल आला.

"ही शेवाळंवाली कोण, मी ओळखत नाही. हुशार दिसते. पण तुम्ही माझी प्रयोगशाळा काढून टाकलीत. मला तेवढीच नीट आठवते. पहिल्या दिवशी मी आत गेले तेव्हा दाराचा रंग ओला होता. हिरवा. माझ्या कपड्यांना लागला आणि मी दिवसभर तो भाग हाताने झाकत वर्गात उभी राहिले. कृपया ती परत घाला."

हे मी तिला लिहिलं नव्हतं. पाठवलेली सगळी पत्रं पहिल्यापासून वाचून काढली. दाराचा उल्लेख एकाही पत्रात नाही. लिहिणार तरी कशी, मला ते दारच आठवेना. डोळे मिटून मी त्या व्हरांड्यातून चालत गेले, खोलीपर्यंत पोचले, आणि दाराच्या जागी काहीच दिसलं नाही.

शेवटी नाशिकला फोन लावला, कॉलेजातल्या प्रयोगशाळेच्या मामांना. ते निवृत्त होऊन नातवंडं सांभाळतात. इकडचं तिकडचं झाल्यावर विचारलं, "मामा, आपल्या लॅबच्या दाराचा रंग कोणता होता?"

"हिरवा होता की, मॅडम. विसरलात होय? तुम्ही रुजू झालात त्याच दिवशी सकाळी मी दिला होता. तुमच्या साडीला लागला. घाबरलो होतो मी. तुम्ही काही बोलला नाहीत, दिवसभर पदर तसाच धरून शिकवलंत."

मी फोन ठेवला. बाहेर ऊन होतं, रस्त्यावर कुणी नव्हतं, एसी घुमत होता. माझ्या आयुष्यातला तो दिवस माझ्याजवळ नव्हता. तो तिकडे, बर्फाळ समुद्रापाशी, मी कधीही न पाहिलेल्या एका म्हातारीजवळ होता. मला तिची भीती वाटली, आणि तिचा हेवाही वाटला.

तिला उत्तर लिहायला बसले. नियम समजावून सांगायचे होते, माफी मागायची होती. त्यातलं काही लिहिलं नाही. एवढंच विचारलं, तुम्हाला आणखी काय आठवतं?