विशालाक्षीअक्कांची ‘सांग’

चेन्नईत गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत एक लहान कारखाना आहे. तिथं लोखंडी गिअर भट्टीत तापवून कडक करतात. त्याच्या कॉम्प्युटरच्या खोलीत विशालाक्षीअक्का एकोणीस वर्षं बसल्या. मूळच्या तंजावरच्या मराठी घरातल्या, राहायला वेस्ट मांबलममध्ये. त्यांना दोन गोष्टींचा अभिमान होता: आपली कॉफी आणि आपली ‘सांग’. कॉफीबद्दल सून भव्या वेगळं मत देईल, पण ‘सांग’ला नावं ठेवायची कुणाची प्राज्ञा नव्हती.

‘सांग’ म्हणजे काळ्या स्क्रीनवर टाइप करायची एक ओळ. भट्टीचं तापमान मोजणारा प्रोग्राम वेगळा, लेबल छापणारा वेगळा. एकाचा निरोप दुसऱ्याला पोचवायचं काम ‘सांग’चं. तिला एक खोड होती. घेणाऱ्यानं निरोप जसाच्या तसा परत म्हणून दाखवल्याशिवाय ती पुढं हलतच नसे. खोड अक्कांच्या माहेरची. वडील जनकोजी शेजारी निरोप द्यायला पाठवताना पोरीला उंबऱ्यातच अडवत. “परत म्हण.” एक शब्द चुकला की पुन्हा पहिल्यापासून.

अक्का महिनाअखेरीस निवृत्त होणार होत्या. त्यांच्या जागी पुण्याचा अनिकेत आला. पोरगा हुशार, पण भारी घाईचा.

“अक्का, प्रत्येक निरोप दोनदा फिरतो. हे परत म्हणणं काढून मी नवं लिहितो, वेळ निम्मा लागेल.”

मालकांना ते पटलं. शनिवारी अनिकेतचं चालवून बघायचं. जमलं तर ‘सांग’ बंद. त्या रात्री अक्कांना जेवण गेलं नाही. एकोणीस वर्षांत एक लेबल चुकलं नव्हतं. त्यांच्या दृष्टीनं हीच आयुष्याची कमाई.

शनिवारी अनिकेतची लेबलं भराभर सुटली. मालक खूश. दुपारी अक्कांनी सहज एक लेबल उचललं आणि चष्मा पुसला. भट्टी आठशे साठ अंशांवर, लेबलावर शहाऐंशी. केबल सैल होऊन वाटेत शून्य गळलं होतं, आणि तसलीच लेबलं लागून अकरा खोकी बंद झाली होती.

“अय्यो कन्ना, अरे बाळा, शहाऐंशीवर इडलीसुद्धा शिजत नाही!”

अनिकेतचा चेहरा उतरला. अक्कांनी खुर्ची ओढली आणि ‘सांग’ चालू केली. तिनं ८६० पाठवलं. उत्तर आलं, ८६. तिनं पुन्हा पाठवलं. पुन्हा ८६. तिसऱ्यांदा ८६० आलं, तेव्हाच लेबल छापलं गेलं. मालकांसमोर, सगळ्या कामगारांसमोर अक्कांची मान ताठ झाली, आणि तो अभिमान त्यांनी मुळीच लपवला नाही. अनिकेतनं आपणहून आपला प्रोग्राम काढून टाकला. मग दोघांनी केबल घट्ट केली आणि अकरा खोकी उघडली.

शेवटच्या दिवशी अक्कांनी डबा पिशवीत घातला.

“कुणीही घाई केली तरी परत म्हणणं काढायचं नाही,” त्या म्हणाल्या आणि दारापाशी जाऊन थांबल्या. पिशवी खांद्याला, पाय उंबऱ्याच्या आत.

अनिकेतला कळायला क्षणभर लागला. मग तो उठून उभा राहिला.

“कुणीही घाई केली तरी परत म्हणणं काढायचं नाही.”

“सरि, बरोबर,” अक्का म्हणाल्या, आणि मगच त्यांनी उंबरा ओलांडला.