चिकटवलेली चिठ्ठी

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. दूधवाला माप धरतो तेव्हा मी त्याच्या अंगठ्याकडे बघते. गिरणीत दळण टाकलं की तिथेच उभी राहते, कारण आधीच्या बाईच्या ज्वारीचं पीठ माझ्या नागलीत उतरतं, आणि गिरणीवाला 'नाही हो ताई' म्हणतो तेव्हा तर नक्कीच उतरलेलं असतं. आमच्या ह्यांचं म्हणणं, मी देवळातसुद्धा चपलांकडे तोंड करून नमस्कार करते. ते खरं नाही. एक डोळा फक्त तिकडे असतो.

मागच्या दिवाळीला मी फराळाऐवजी बरण्या द्यायचं ठरवलं. मुलीनं पुण्याहून एकदा तशी बरणी आणली होती. काचेच्या बरणीत पिठांचे रंगीत थर, त्यात दूध-तेल कालवून भाजलं की केक. मुलगी कौतुकानं बोलत होती आणि मी बरणी उलटसुलट करून आतलं पीठ किती जुनं असेल ते बघत होते. म्हटलं, हे घरी करता येईल, आणि निदान आत काय आहे ते आपल्याला ठाऊक असेल.

नागली, म्हणजे नाचणी, सुरगाण्याकडच्या एका बाईकडून घेतली. ती वर्षातून दोनदा आमच्या इंदिरानगरात दारावर येते. 'खडा निघाला तर पुढच्या खेपेला परत दे,' असं ती म्हणते, म्हणून मी तीनदा चाळली. खडा निघाला नाही, तेव्हा मला वाटलं की चाळणीच मोठ्या भोकांची असणार. मग पंखा बंद करून, दार लावून बरण्या भरायला बसले. तळाला गव्हाचं पीठ, त्यावर नागली, मग कोको, मग दुधाची पावडर, पिठीसाखर, सोडा. प्रत्येक थर चमच्याच्या पाठीनं दाबायचा, नाहीतर वरचा खालच्यात घुसतो आणि सगळा चिखल दिसतो. सगळ्यात वर जायफळ आणि संत्र्याच्या वाळवलेल्या सालीची पूड. ही सालीची सवय सासूबाईंची. थंडीत संत्री आली की त्या साली गच्चीत वाळत घालायच्या आणि वर्षभर डब्यात ठेवायच्या. त्या गेल्या, तरी साल फेकायला माझा हात होत नाही.

प्रत्येक बरणीला सुतळीनं एक जाड कागदाची चिठ्ठी बांधायची होती. समोरच्या बाजूला लिहिलं, 'दिवाळीच्या शुभेच्छा. घरगुती, शुद्ध. दूध आणि थोडं तेल घालून सरसरीत कालवा. गुठळी राहू देऊ नका.' जागा संपली म्हणून बाकीचं मागच्या बाजूला, 'केकच्या भांड्याला तूप लावून त्यात ओता. कुकरची शिट्टी आणि रिंग काढून, तळाला मीठ घालून मंद आचेवर पाऊण तास ठेवा.' आत काय काय आहे ते मुद्दामच लिहिलं नाही. खालच्या मजल्यावरची बाई दोन दिवस जिन्यात वास घेत उभी होती. 'काय काय घातलंत हो?' असं तिनं विचारलं. मी म्हटलं, 'जे असतं ते.' प्रमाण तिच्या हाती लागलं असतं तर पुढच्या दिवाळीला तिच्या बरण्या गल्लीभर फिरल्या असत्या.

सात बरण्या झाल्या. सातवी जाऊबाईंची. खरं तर या सगळ्या उपद्व्यापात तीच एक बरणी मला द्यायची होती, बाकीच्या सहा मी स्वतःला धीर यावा म्हणून केल्या होत्या.

माझे थोरले दीर एकलहऱ्याच्या वीज केंद्रात नोकरीला आहेत. ते आणि जाऊबाई तिथेच क्वार्टरमध्ये राहतात. सासूबाई शेवटची वर्षं आमच्याकडे होत्या. त्या गेल्या, तेराव्याला सगळे जमले आणि त्यांची मोत्यांची नथ सापडेना. दोन दिवस आधी कपाट जाऊबाईंनी उघडलं होतं, पातळ काढायला. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "ताई, कपाट शेवटचं तुम्हीच उघडलं होतं ना?" एवढंच म्हणाले. पण खोलीतल्या प्रत्येकाला काय म्हणाले ते कळलं. जाऊबाईंनी पिशवी आणली, पलंगावर उपडी केली. कंगवा, गोळ्यांची पाकिटं, नातीचा एक मोजा. सगळं पसरून त्या बाजूला उभ्या राहिल्या. मग सगळं परत भरलं आणि जेवण न करता निघून गेल्या.

चार महिन्यांनी नथ सापडली. नागलीच्या डब्यात, अगदी तळाशी, फडक्यात गुंडाळलेली. सासूबाईंनीच ठेवली होती, त्यांना माझ्यापेक्षा कमी संशय येत नसे. ह्यांनी फोन करून एकलहऱ्याला कळवलं. मग फोन माझ्या हातात दिला, आणि मी म्हणाले, "सापडली हो ताई." पलीकडून "बरं झालं" आलं. माझं चुकलं, हे तीन सेकंदांचं वाक्य. ते माझ्या तोंडून निघालं नाही, आणि त्यानंतर दोन वर्षं जाऊबाई आमच्या घराची पायरी चढल्या नाहीत.

म्हणून बरणी. हे दिवाळीच्या आदल्या दिवशी ती घेऊन निघाले, स्कूटर चालू केली, आणि माझ्या मनात आलं, जाऊबाई ही बरणी ठेवूनच घेणार नाहीत. सुतळी कापतील, चिठ्ठी काढतील आणि क्वार्टरमधल्या कोणा बाईला देऊन टाकतील. आपल्याकडे ब्लाउजपीस कसे फिरतात ते मला माहीत आहे. मी स्वतः फिरवलेत. ह्यांना थांबवून बरणी परत वर आणली. सुतळी काढली, चिठ्ठीच्या मागे भरपूर डिंक लावला, ती काचेवर दाबून बसवली आणि वरून रुंद चिकटपट्टी मारली. आता अक्षर माझं आहे हे कोणालाही दिसलं असतं. हे खाली हॉर्न वाजवत होते.

त्यानंतर वाट बघणं सुरू झालं. बाकीच्या सहा घरांतून फोन आले. कोणाचा केक फुगला, कोणाचा बसला, खालच्या बाईनं तर 'नागली आणि अजून काहीतरी आहे' असं म्हणून माझा चेहरा न्याहाळला. एकलहऱ्याहून काहीच नाही. पाडवा गेला, भाऊबीज गेली.

आधी मला ह्यांचा संशय आला. बरणी स्कूटरच्या डिकीत राहिली असणार. डिकी उघडून बघितली. "मी वहिनींच्या हातात दिली," हे म्हणाले. "चहासुद्धा प्यायलो."

"काय म्हणाल्या?"

"हातात घेऊन वास घेतला. मग आत घेऊन गेल्या."

वास घेतला, म्हणजे माझ्यावर विश्वास नाही. आत घेऊन गेल्या, म्हणजे ह्यांच्यासमोर टाकता येईना. जुनं पीठ दिलं असं वाटलं असेल. किंवा त्याहून वाईट, आत काही घातलंय असं वाटलं असेल. गावाकडे अशा गोष्टी बोलतात, भांडण झालेल्या घरातून आलेलं खाऊ नये म्हणून. मी रोज एक नवीन कारण शोधून काढत होते आणि प्रत्येक कारणाच्या शेवटी जाऊबाईच दोषी निघत होत्या. ते मला सोयीचं होतं. त्यांनी माझी भेट टाकली असेल, तर फिटंफाट झाली, मला आता माफी मागायची गरज उरली नाही.

संक्रांतीला दीर नाशिकरोडला कामाला आले होते, तिथे ह्यांना भेटले आणि ह्यांच्याबरोबर माझी बरणी परत आली. रिकामं भांडं परत देऊ नये म्हणून तिळगुळाच्या लाडवांनी भरलेली. माझी चिठ्ठी जशीच्या तशी, चिकटपट्टीसकट. मी बरणी ओट्यावर ठेवली आणि तिच्याकडे बघत राहिले. तिळगूळ घ्या, गोड बोला. म्हणजे मी कडू बोलले होते, हे आता तिळगूळ भरून सांगताय का? सणाचा आडोसा घेऊन? मनात म्हटलं, मारलेत ना टोमणा.

संध्याकाळी लाडू डब्यात काढले. बरणी धुवायला घेतली. पाण्याखाली धरली आणि पलीकडच्या काचेतून मला माझंच अक्षर दिसलं. 'केकच्या भांड्याला तूप लावून त्यात ओता.' चिठ्ठीची मागची बाजू. ती मी काचेला चिकटवली होती. बरणी भरलेली असताना ती पिठाआड होती, पीठ संपल्यावरच दिसणार.

नळ बंद केला. बरणी फिरवली आणि समोरची बाजू वाचली, जाऊबाईंनी वाचली असेल तशी. दिवाळीच्या शुभेच्छा. घरगुती, शुद्ध. दूध आणि थोडं तेल घालून सरसरीत कालवा. केक हा शब्दच कुठे नव्हता. नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी काचेच्या बरणीत आलेली पूड, संत्र्याच्या सालीच्या वासाची. सासूबाई दरवर्षी घरी उटणं करायच्या. संत्र्याची साल, चंदन, कचोरा, नागरमोथा. आणि दरवर्षी आदल्या दिवशी अशाच बरणीतून एकलहऱ्याला पाठवायच्या.

पिठीसाखर. दुधाची पावडर. सोडा.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच रिक्षा करून एकलहऱ्याला गेले. पिशवीत एक नवी भरलेली बरणी होती. जाऊबाईंनी दार उघडलं, क्षणभर बघितलं आणि म्हणाल्या, "ये. उन्हातून आलीस."

मी पाणीसुद्धा घेतलं नाही. म्हटलं, "ताई, दिवाळीत जे पाठवलं ते तुम्ही कशाला वापरलं?"

"उटणं ना? लावलं की. पहाटे सगळ्यांना लावलं."

"आणि?"

त्या ओढणीच्या घड्या घालत होत्या, सुनेच्या. घड्या थांबल्या नाहीत. "लय चिकट झालं गं. ह्यांना तीनदा अंघोळ करावी लागली. नात दंड चाटायला लागली, म्हणते, आजी, उटणं गोड हाय. मी तिला दटावलं, औषधं असतात त्यात. मोरीत मुंग्या, अशा मुंग्या की चार दिवस हळद टाकत होते." मग म्हणाल्या, "पण वास आईंच्या उटण्याचाच होता. म्हटलं, आईंचं तू चालू ठेवलंस. उरलेलं पाडव्याला मी एकटीनंच लावलं. बाकी कोणी लावून घेईना."

"ताई, ते उटणं नव्हतं," मी म्हणाले. "केक होता. कालवून, तळाला मीठ घालून कुकरमध्ये ठेवायचा. मागे लिहिलं होतं, मी मागची बाजूच चिकटवून टाकली."

त्यांनी ओढणी खाली ठेवली. "धुताना आतून दिसलं मला काहीतरी. चष्मा नव्हता. मला वाटलं, पाठकोरा कागद वापरलास." आणि त्या हसायला लागल्या. तोंडावर पदर धरून, आवाज न करता, खांदे हलत होते. "तरी ह्यांना सांगत होते. हे म्हणाले, मुद्दाम केलंय तिनं, नथीचं अजून डोक्यात हाय. मी म्हटलं, नाय, असं नाय करायची ती."

"एकदासुद्धा वाटलं नाही तुम्हाला?"

"नाय वाटलं."

"इतकं झाल्यावरही? मग फोन का नाही केलात?"

"काय सांगू? उटणं बिघडलं म्हणून? पहिल्यांदाच केलंस, वाईट वाटलं असतं तुला." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "संशय घ्यायला तू हायेस ना घरात. एक पुरे झाली."

हे त्या चिडवून म्हणाल्या, पण मला रडू आलं. अडीच महिने मी त्यांना एकेक गुन्हा चिकटवत होते, आणि त्या मोरीतल्या मुंग्यांवर हळद टाकत माझी बाजू घेत होत्या. त्यांच्या जागी मी असते तर पहिल्याच तांब्याला माझी खात्री झाली असती.

"ताई," मी म्हणाले, "तेराव्याला मी जे बोलले, ते चुकलं माझं. सगळ्यांसमोर बोलले. नथ सापडली तेव्हाही नीट बोलले नाही."

मग त्यांनी माझ्या पिशवीतली बरणी बाहेर काढली, झाकण उघडून वास घेतला, अगदी ह्यांनी सांगितलं होतं तसा. आता जवळून पाहिलं, तर त्यांनी डोळे मिटले होते.

"आईंचाच वास," त्या म्हणाल्या. मग उठून ओट्यापाशी गेल्या, कुकर काढला आणि झाकणाची रिंग काढायला लागल्या. "तळाला मीठ म्हणालीस ना? किती?"

मी प्रमाण सांगितलं. मीठ किती, दूध किती, नागली किती, साल किती, सगळं सांगितलं, त्यांनी विचारलं नव्हतं तेही. दूध-तेल घालून त्यांनी पीठ कालवलं, गुठळी राहू दिली नाही, आणि बाहेर खेळणाऱ्या नातीला खिडकीतून हाक मारली.

"ये गं इकडं. त्या दिवशीचं उटणं खायला ये."