रबराचा तुकडा आणि तापलेली गाडी

माझ्या जुन्या मोटारीचा काटा बिघडला नव्हता, मीच बिघडवला होता. आता पोरीलाच पोरं झालीत, म्हणून कबूल करतो.

दहावीला चांगले मार्क पडले अन् पोरीनं लातूर धरलं. नांदेडात काय क्लास नव्हते? पण न्हाई! तेव्हा अख्खा मराठवाडा डॉक्टर व्हायला लातूरला निघाला होता. मी मात्र लातूरच्या भूकंपानंतर मदतीचं धान्य घेऊन औशाच्या पुढं जाऊन आलेला माणूस. तिथं पाहिलेलं डोळ्यांपुढून हलत नव्हतं. तसल्या जमिनीवर लेकीला निजवायचं? पण बाप लेकीला "मला भ्या वाटतं" म्हणतो होय! मी म्हणालो, "गाडी तापायलीय, उद्या जमायचं न्हाई."

"एसटीनं जाते," ती म्हणाली.

"गादी-पेटी घेऊन एसटीत? बाप मेला का तुझा?"

तापायलीय म्हटलं, तर काट्यानं तसं दाखवायला पाहिजे. मागं दसऱ्याला मी हौसेनं डॅशबोर्ड आतून-बाहेरून रंगवला होता, तेव्हा इंजिनच्या तापाचा अन् पेट्रोलचा, दोन्ही काटे टोकाला जाऊन बसले होते. दोघांना वीज एकाच डबीतून जाते अन् ती डबी उघड्या पत्र्याला टेकली पाहिजे, हे धर्माबादच्या एका मिस्त्रीनं रंग खरडून दाखवलं होतं. शिकलेलं वाया जात न्हाई. मी गुपचूप डबीखाली अन् तिच्या स्क्रूभोवती सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला. काटा थेट लाल खुणेवर!

सकाळी पोरगी गल्लीतल्या मिस्त्रीचाचांना घेऊनच आली. चाचांनी पाणी पाहिलं, पट्टा पाहिला, इंजिनवर हात ठेवला. "साहेब, इंजिन माठावानी गार हाय. ताप काट्यालाच चढलाय."

"काटा उगंच चढतो का? काहीतरी असंलच की!" मी डाफरलो.

पोरगी डॅशबोर्डकडं बघत होती. "बाबा, काल टाकी अर्धी होती. आज भरलेली दाखवायलीय. पेट्रोल कुठून आलं?"

तो दुसरा काटा मी पार विसरलो होतो. अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय!

"दोन्ही काटे एकदम खोटं दाखवायलेत, तर दोघांना वीज जिथून येते तेच बघू की, चाचा," म्हणत ती पाना घेऊन डॅशबोर्डखाली शिरलीसुद्धा. बाहेर आली ती रबर घेऊन. तिच्याच सायकलची ट्यूब. त्यावरचं पंक्चरही तिनंच काढलेलं.

"क्या निकला, बेटी?"

"कचरा होता, चाचा." तिनं मूठ मिटली. दोन्ही काटे गुमान खाली आले. आता मला कुठलं तोंड? गादी-पेटी टपावर बांधली.

लातूरला पोचलो. होस्टेलच्या दारात माझ्या हातावर रबर ठेवून म्हणाली, "भ्या वाटत होतं तर सांगायचं की, बाबा. मला बी वाटायलंय." अन् पेटी उचलून आत गेली.

परतताना अहमदपूरच्या अलीकडं मी गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं अन् आत डोकं घालून पोटभर रडलो. एक ट्रकवाला थांबला.

"काय मामा, तापली का?"

"हाव," मी आतूनच म्हणालो.